राउटरांचे शेजारसंबंध

संगणक-जाळ्यातील संदेश एका जोडणीवरून दुसऱ्या जोडणीकडे वळविणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. एकाच तारेने, प्रकाशतंतूने अथवा बिनतारी दुव्याने जोडलेले दोन राउटर सामान्यतः एकमेकांचे शेजारी होत. कोणत्या ठिकाणी जाण्यास कोणता मार्ग सोयीचा आहे आणि कोणता तुटला आहे, ही माहिती प्रत्येक राउटर शेजाऱ्याकडून घेतो व पुढच्या शेजाऱ्याला देतो. या देवाणघेवाणीसाठी ठरविलेल्या नियमांच्या संचाला मार्गण-नियमसंहिता (राउटिंग प्रोटोकॉल) असे नाव आहे. आंतरजालाचे संपूर्ण चित्र कोणत्याही एका केंद्रात साठविलेले नसते. ते असंख्य शेजारसंबंधांतून सतत घडत व बदलत असते. त्यामुळे शेजारसंबंध जुळणे, टिकणे व तुटणे ही या जाळ्याच्या जीवनातील मूलभूत घटना ठरते.

शेजारसंबंधातील मुख्य अडचण शांततेचा अर्थ लावण्याची आहे. शेजाऱ्याकडून काहीच ऐकू येत नसेल, तर त्याचे यंत्र बंद पडले असेल, मधला दुवा तुटला असेल, दुवा एकाच दिशेने चालत असेल, यंत्र कामाच्या भाराखाली दबले असेल किंवा दोघे वेगवेगळ्या नियमांनी बोलत असतील. ऐकणाऱ्याला या सर्व अवस्था सारख्याच दिसतात. त्यांतील भेद ओळखण्याच्या ज्या पद्धती आज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेक कोणत्या ना कोणत्या जुन्या बिघाडातून शिकलेल्या आहेत.

पूर्वपीठिका : दोन शेजारी ठाण्यांनी परस्परांची खात्री करून घेतल्याशिवाय वाहतूक सोडू नये, हे तत्त्व संगणकाच्या कितीतरी आधी लोहमार्गांनी स्वीकारले होते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा हे या दृष्टीने सोयीचे उदाहरण आहे. तेथील सरकारी कोळसा-खाणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सु. ७२ किमी. लांबीचा लोहमार्ग बांधण्यात आला. वर्धा कोल स्टेट रेल्वे या नावाने तो ओळखला जाई. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तथापि लोहमार्ग पुढे बल्लारपूरच्या कोळसाक्षेत्राकडे वाढविण्यात आला. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ हा दुवा पूर्ण झाल्यावर जंगलातील ही कोळशाची शाखा दिल्ली–मद्रास या महामार्गाचा भाग बनली. एका टोकाला संपणारे वरोरा हे ठाणे अशा रीतीने दोन्ही बाजूंना शेजारी असलेले मधले ठाणे झाले.

एकेरी लोहमार्गावर दोन ठाण्यांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, हा सुरक्षिततेचा पाया होय. त्यासाठी गाडी सोडणाऱ्या ठाण्याचा मास्तर तारयंत्रावरून पुढच्या ठाण्याकडे मार्ग मोकळा आहे काय, अशी पृच्छा करी. पुढच्या ठाण्याने होकार दिल्यावरच चालकाच्या हाती लेखी परवाना पडे. यालाच ‘लाइन क्लियर’ मिळणे असे म्हणत. कालांतराने भारतातील अनेक एकेरी मार्गांवर टोकन-यंत्रे आली. दोन शेजारी ठाण्यांतील यंत्रे विजेने परस्परांशी जखडलेली असत आणि शेजाऱ्याच्या सहकार्याशिवाय टोकन बाहेर काढताच येत नसे. दोन्ही यंत्रांचे मिळून एकच टोकन एका वेळी बाहेर राहू शके.

या व्यवस्थेत शांततेचा अर्थ ठरलेला होता : उत्तर नाही, तर गाडी नाही. एकेरी मार्गावर दोन ठाण्यांमधील सर्व संपर्कसाधने बंद पडली, तर नियमांनुसार एखादे इंजिन किंवा ट्रॉली सावधगिरीने पुढच्या ठाण्याकडे पाठवून संपर्क पुन्हा सुरू करावा लागे. म्हणजे तारेवरून न कळणारी गोष्ट माणूस पाठवून पाहावी लागे. संगणक-जाळ्याने लोहमार्गाकडून परस्पर-खात्रीचे तत्त्व घेतले असे म्हणता येणार नाही. ते त्याला आपल्या अनुभवातून पुन्हा शोधावे लागले. मात्र शांततेचा अर्थ त्याने उलट लावला. शेजारी बोलत नसेल, तर वाहतूक रोखून न धरता ती दुसऱ्या मार्गाने वळवावी, अशी त्याची रचना होती.

आर्पानेट : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने उभारलेल्या आर्पानेट या जाळ्याचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. या जाळ्यातील इम्प नावाची लहान संगणकयंत्रे ही आजच्या राउटरची पूर्वज होत. ती बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने तयार केली होती. आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक इम्प प्रत्येक ठिकाणापर्यंतचे अंदाजी अंतर आपल्या शेजाऱ्यांना सांगे आणि त्यांच्याकडून आलेल्या अंतरांवरून आपला तक्ता सुधारी. शेजाऱ्याने ऐकीव माहिती पुन्हा मूळ सांगणाऱ्यालाच सांगितली, तर दोघेही एका नाहीशा झालेल्या मार्गावर विश्वास ठेवून परस्परांकडे संदेश फेकत राहत. हा दोष लक्षात आल्यावर १९७९ मध्ये नवी पद्धत अंमलात आली. तीत प्रत्येक इम्प फक्त आपल्या दुव्यांची स्थिती जाहीर करी, ती शेजाऱ्यांमार्फत सर्व जाळ्यात पसरे आणि प्रत्येक इम्प स्वतः सर्व मार्गांचे गणित करी.

नव्या पद्धतीचीही कसोटी लवकरच लागली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट कित्येक तास निकामी झाले. एका इम्पच्या नावाने निघालेल्या स्थितिपत्राच्या तीन प्रती जाळ्यात एकाच वेळी फिरू लागल्या होत्या. त्यांचे अनुक्रमांक ४४, ४० व ८ असे होते. स्मृतीतील एकेक द्विमान अंक गळाल्याने एकाच आकड्याचे हे तीन आकडे झाले होते. अनुक्रमांक ६३ पर्यंत गेल्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होत असल्यामुळे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा ठरे. प्रत्येक इम्प आलेली प्रत नवीन समजून स्वीकारी व शेजाऱ्यांना देई. ही फेरी संपत नसे. या कामाला अग्रक्रम असल्यामुळे दुवा जिवंत असल्याचे शेजाऱ्याला कळविण्यास यंत्रांना सवड उरली नाही आणि धडधाकट दुवे तुटल्याचे जाहीर होऊ लागले. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात या घटनेची चिकित्सा केली आहे. वरवर पाहता शेजारसंबंध तुटत होते. परंतु दुव्यांत काहीही दोष नव्हता. दिसणारे लक्षण एका ठिकाणी व मूळ कारण दुसऱ्याच ठिकाणी, हा या क्षेत्रातील पहिला मोठा धडा होता.

नियमसंहितांची घडण : वेगवेगळ्या संस्थांची जाळी परस्परांना जोडली जाऊ लागल्यावर शेजाऱ्याची रीतसर ओळख करून घेणे आवश्यक झाले. रोझेन यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एक्स्टीरियर गेटवे प्रोटोकॉल (ईजीपी) या संहितेत तीन पायऱ्या होत्या : प्रथम शेजारी म्हणून स्वीकार, मग शेजारी पोहोचण्याजोगा आहे याची वारंवार खात्री आणि त्यानंतर मार्गांची माहिती. खात्रीसाठी एक राउटर ‘हॅलो’ म्हणे व दुसरा ‘मी तुझे ऐकले’ असे उत्तर देई. एखादे उत्तर हरवले, एवढ्यावरून शेजारी मृत मानू नये. ठराविक संख्येच्या हाकांपैकी किती उत्तरे आली ते पाहून निर्णय घ्यावा, अशी योजना तीत होती. मात्र सर्व जाळी झाडाच्या फांद्यांप्रमाणे एका मुख्य जाळ्याला जोडलेली असावीत, हे तिचे गृहीतक लवकरच अपुरे पडले.

संस्थेच्या अंतर्गत जाळ्यांत राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल (रिप) ही साधी पद्धत रूढ होती. तिचे लिखित प्रमाणीकरण १९८८ मध्ये झाले. रिपमध्ये शेजारसंबंध असा औपचारिक नसतोच. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपला तक्ता जाहीर करतो आणि १८० सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर त्या शेजाऱ्याकडून कळलेले मार्ग रद्द समजतो. पंधरा टप्प्यांपलीकडील ठिकाण तीत अगम्य मानले जाते. तीन मिनिटांचा हा विलंब वाढत्या जाळ्यांना परवडणारा नव्हता.

ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट (ओएसपीएफ) ही संहिता प्रथम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉन मॉय यांनी लिहिलेली तिची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आणि सध्या पायाभूत मानले जाणारे रूप १९९८ मध्ये आले. तिच्यात प्रत्येक राउटर सामान्यतः दर १० सेकंदांनी हॅलो-संदेश पाठवितो आणि ४० सेकंद शांतता राहिल्यास संबंध तुटला असे धरतो. या संदेशात राउटर ज्या शेजाऱ्यांचे आपण अलीकडे ऐकले त्यांची नावेही सांगतो. शेजाऱ्याच्या हॅलोमध्ये स्वतःचे नाव आढळले, तरच दुवा दोन्ही दिशांनी चालू आहे असे सिद्ध होते. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने स्वीकारलेली आयएस-आयएस व सिस्को कंपनीने विकसित केलेली ईआयजीआरपी यांतही हॅलो-संदेशांचे तत्त्व आहे.

संस्था-संस्थांमधील देवाणघेवाणीसाठी कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्तर यांनी १९८९ मध्ये बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल (बीजीपी) तयार केला. त्याची पहिली रूपरेषा भोजनाच्या वेळी कागदी रुमालांवर उतरविली गेली, असे सांगतात. बीजीपीमध्ये शेजारी आपोआप सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या व्यवस्थापकांना परस्परांचा पत्ता व जाळे-क्रमांक हाताने नोंदवावा लागतो. त्यामुळे हा संबंध तांत्रिक असतो तसाच करारात्मकही असतो.

भारत व महाराष्ट्र : इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक व संशोधन जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि स्वतः हा विभाग असे आठ घटक त्यात होते. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील एनसीएसटी व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था या मुंबईतील दोन शेजारी संस्थांमध्ये १९८६–८७ च्या सुमारास दूरध्वनीने जोडणी करून विपत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काळच्या पद्धतीत यंत्र ठराविक वेळी शेजाऱ्याला दूरध्वनी लावी, साचलेला मजकूर देई-घेई आणि संबंध तोडी. दूरच्या ठिकाणी विपत्र पाठविताना वाटेतील शेजारी यंत्रांची नावे क्रमाने लिहावी लागत. मार्ग शोधण्याचे काम माणसाकडेच असे. १९९२ च्या सुमारास एनसीएसटीमधून अमेरिकेकडे ६४ किलोबिट वेगाची कायम जोडणी मिळाली.

याच काळात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे निकनेट हे उपग्रहावर आधारलेले जाळे जिल्ह्यांच्या मुख्यालयांपर्यंत पोहोचले. चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली यांसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यांना उपग्रहाचा मोठा उपयोग होता, कारण तारा व खांब यांची तेथे अडचण असे. परंतु अशा ताऱ्याच्या आकाराच्या जाळ्यात जिल्ह्याला एकच शेजारी असतो, तो म्हणजे दिल्लीचे मुख्य केंद्र. चंद्रपूरचा संदेश गडचिरोलीला जायचा, तरी तो दिल्लीवरून जाई. शेजारसंबंधांची गुंतागुंत येथे नव्हती. तशीच पर्यायी वाटही नव्हती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल-सेवा सुरू केली आणि १९९८ मध्ये खाजगी सेवादारांना वाव मिळाला. तथापि दोन भारतीय सेवादारांचे राउटर एकमेकांचे शेजारी असतीलच असे नव्हते. एकाच शहरातील दोन ग्राहकांमधील संदेश अनेकदा परदेशात जाऊन परत येई. यात खर्च होई व वेळही जाई. २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) या संस्थेने मुंबईसह प्रमुख शहरांत विनिमय-केंद्रे उभारली. तेथे सेवादारांचे राउटर एकाच ठिकाणी आणून बीजीपीने परस्परांशी बोलते करण्यात आले. नवीन तार न टाकता केवळ शेजारसंबंध जोडून अंतर कमी करण्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

शासकीय स्तरावर २००५ मध्ये मंजूर झालेल्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेने राज्य, जिल्हा व तालुका अशी उतरंड आखली. दुव्यांची किमान क्षमता २ मेगाबिट ठेवण्यात आली. वरोऱ्यासारखी तालुक्याची ठिकाणे या आखणीत उतरंडीच्या खालच्या पायरीवर येतात आणि वरचा दुवा तुटला, की त्यांचा सर्व संपर्क थांबू शकतो.

दोषशोधन : शेजारसंबंध न जुळण्याची कारणे शोधताना प्रथम संबंध कोणत्या अवस्थेत अडकला आहे ते पाहतात. नियमसंहितांनी या अवस्थांना नावे दिली असून त्या क्रमाने येतात. त्यामुळे अडकलेली अवस्था हीच निदानाची पहिली खूण ठरते. ओएसपीएफमधील स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

(१) ‘डाउन’ : शेजाऱ्याचा एकही स्वीकारण्याजोगा हॅलो आलेला नाही. वीजपुरवठा, तुटलेला प्रकाशतंतू, सैल अथवा धूळ बसलेला जोड, बंद ठेवलेले द्वार यांची तपासणी आधी करतात. दुवा ठीक असूनही हॅलो नाकारला जाऊ शकतो. दोन्ही बाजूंचा क्षेत्र-क्रमांक, पत्त्याचा मुखवटा, हॅलोचा कालावधी, शांततेची मर्यादा किंवा ओळखीचा परवलीचा शब्द यांत फरक असेल, तर राउटर शेजाऱ्याचे ऐकतो, पण त्याला मानत नाही. एका बाजूला १० सेकंद व दुसऱ्या बाजूला ३० सेकंद असा फरक पडल्यास दोन्ही यंत्रे स्वतंत्रपणे निर्दोष दिसतात. दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच दोष आढळतो.

(२) ‘इनिट’ : शेजाऱ्याचे ऐकू येते, परंतु त्याच्या हॅलोमध्ये आपले नाव नाही. संबंध एकतर्फी आहे. जाणाऱ्या व येणाऱ्या संदेशांसाठी दोन वेगळे तंतू असतात आणि त्यांपैकी एकच तुटलेला असतो. किंवा वाटेतील एखादी सुरक्षा-चाळणी एका दिशेचे संदेश अडविते.

(३) ‘टू-वे’ : अनेक राउटर एकाच सामाईक दुव्यावर असतील, तर त्यांतील एक मुख्य व एक पर्यायी राउटर निवडला जातो आणि इतर राउटर फक्त या दोघांशीच पूर्ण संबंध ठेवतात. उरलेल्यांचे आपसांतील संबंध ‘टू-वे’ वर थांबतात. हा बिघाड नव्हे. नवखे तंत्रज्ञ येथे नसलेला दोष शोधत बसतात.

(४) ‘एक्सस्टार्ट’ व ‘एक्सचेंज’ : ओळख पटली, पण माहितीची वही उघडत नाही. सर्वांत मोठे पॅकेट किती आकाराचे चालेल, याविषयी दोन्ही बाजूंचा मेळ नसणे हे याचे नेहमीचे कारण आहे. हॅलो लहान असल्यामुळे सहज पार होतो. मोठी सूचीपत्रे मात्र नाकारली जातात किंवा वाटेत गळतात. दोन राउटरांना चुकून एकच ओळख-क्रमांक दिला गेला, तरीही येथे अडचण येते. पुढची ‘लोडिंग’ अवस्था ओलांडून ‘फुल’ अवस्था आली, की संबंध पूर्ण झाला.

ईआयजीआरपीमध्ये जाळे-क्रमांक व मार्गाचे मोल ठरविणारे गुणक दोन्हीकडे सारखे असावे लागतात. बीजीपीमध्ये ‘ॲक्टिव्ह’ या अवस्थेचे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ संबंध चालू आहे असा नसून तो जोडण्याचा प्रयत्न चालू आहे, असा आहे. अशा वेळी शेजाऱ्याच्या पत्त्यापर्यंत मार्ग आहे काय, १७९ क्रमांकाचे द्वार वाटेत अडविले आहे काय आणि दोन्हींनी परस्परांचे जाळे-क्रमांक बरोबर नोंदविले आहेत काय, हे पाहतात. संबंध जुळून ठराविक अंतराने तुटत असेल, तर ते अंतरच पुरावा ठरते. दर १८० सेकंदांनी संबंध तुटतो, म्हणजे शांततेची मर्यादा पूर्ण संपत आहे. मार्गांची मोठी पॅकेटे वाटेत गळत असून त्यांच्या मागे उभे असलेले ‘मी आहे’ हे छोटे संदेशही पोहोचत नाहीत, ही शक्यता तेव्हा प्रथम तपासावी लागते.

या सर्व तपासण्यांमागे एकच शिस्त आहे. खालच्या थरापासून वर जावे, एका वेळी एकच बदल करावा आणि दोन्ही टोकांची नोंद पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एका टोकाकडून केलेले निदान बहुधा शेजाऱ्यावरील आरोप ठरते.

विश्वासाचा प्रश्न : शेजाऱ्याची खात्री पटली, तरी त्याच्या म्हणण्याची खात्री पटतेच असे नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील सेवादाराने यूट्यूब देशांतर्गत बंद करण्यासाठी केलेली मार्ग-घोषणा त्याच्या शेजाऱ्याने न तपासता पुढे पाठविली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सु. दोन तास अगम्य झाले. येथे कोणताही शेजारसंबंध तुटला नव्हता. उलट तो चोख चालू असल्यामुळेच चूक पसरली. घोषणा करणाऱ्याला त्या पत्त्यांचा अधिकार आहे काय, हे गूढलेखनाच्या साहाय्याने तपासण्याची चौकट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

उलट प्रकारचा धडा २७ ऑगस्ट २०१० रोजी मिळाला. यूरोपातील एका प्रयोगात बीजीपीमधून एक अपरिचित, पण नियमाला धरून असलेले गुणविशेष-पत्र पाठविण्यात आले. एका उत्पादकाच्या काही राउटरांनी ते पुढे देताना विकृत केले. विकृत संदेश आल्यास संबंध तोडावा, असा तेव्हाचा नियम होता. त्यानुसार शेजाऱ्यांनी संबंध तोडले. ते पुन्हा जुळताच तोच संदेश पुन्हा आला व संबंध पुन्हा तुटले. एका मार्गाविषयीच्या चुकीपायी त्या शेजाऱ्याकडील सर्व मार्ग नाहीसे होत होते. २०१५ मध्ये नियम बदलण्यात आला : शक्य असेल तेथे फक्त सदोष मार्ग रद्द समजावा, संबंध राखावा. त्याच सुमारास वेगाचीही निकड वाढत होती. २०१० मध्ये प्रमाणित झालेल्या द्विदिश दोषवेध (बीएफडी) या पद्धतीमुळे शेजाऱ्याची शांतता सेकंदाच्या अंशात ओळखता येऊ लागली. मात्र मर्यादा फार आखूड ठेवल्यास क्षणिक अडथळ्यालाही मृत्यू समजले जाते आणि मार्ग विनाकारण डळमळतात. त्वरा व संयम यांच्यामधील योग्य अंतर अजूनही ठिकाणानुसार ठरवावे लागते.

ग्रामीण जाळी : ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याचे २०१५ मध्ये भारतनेट असे नामकरण झाले. सु. अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पहिल्या टप्प्यात गट-मुख्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत तंतू मुख्यतः एका सरळ ओळीत वा फांद्यांच्या रूपात गेले. रस्त्याच्या कामात एके ठिकाणी तंतू तुटला, की त्यापुढील सर्व गावे मूक होत. ग्रामपंचायतीतील साध्या जोडयंत्राला दुसरा शेजारी नसल्यामुळे वाहतूक वळविण्याचा प्रश्नच येत नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना व ग्रामपंचायतीपर्यंत राउटर यांचा समावेश करण्यात आला. वलयात प्रत्येक गावाला दोन बाजूंचे दोन शेजारी मिळतात. एक गप्प झाला, तर दुसऱ्याकडून वाट उरते.

चंद्रपूर–गडचिरोलीसारख्या प्रदेशात, जेथे गावे विरळ, वाटा लांब आणि दुरुस्तीच्या पथकाला पोहोचण्यास वेळ लागतो, तेथे या फरकाचे महत्त्व विशेष आहे. शिधापत्रिकेची पडताळणी, दाखले, आरोग्यकेंद्राचा अहवाल यांसारखी रोजची कामे त्या दुव्यावर अवलंबून असतात. तथापि दुसरा शेजारी केवळ नकाशावर असून भागत नाही. त्याच्याशी संबंध खरोखर जुळलेला आहे, दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकींशी मिळतात आणि पहिला दुवा मुद्दाम तोडून पाहिल्यावर वाहतूक दुसऱ्याने जाते, हे आधी तपासलेले असावे लागते. वलयाची एक बाजू तुटलेली असूनही दुसऱ्या बाजूने काम चालू राहिल्यामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही, आणि उरलेली बाजू तुटेल त्या दिवशी वलय नावापुरतेच होते असे आढळते. वरोऱ्याच्या मास्तराला गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी पुढच्या ठाण्याचा होकार घ्यावा लागे. कालचा होकार आज चालत नसे. राउटरांच्या शेजारसंबंधांचा पन्नासाहून अधिक वर्षांचा इतिहास याच नियमाकडे निर्देश करतो.